दुसरी शिट्टी

हो, मी त्या मेळ्याला गेले होते. दोन्ही दिवस गेले, दोरीला खेटून पहिल्या रांगेत बसले आणि पोटभर मजा केली. आता या वयात मला कोणी विचारतं, "इंग्रजाच्या विजयाचा मेळा, आणि तुम्ही टाळ्या वाजवायला गेलात? लाज नाही वाटली?" नाही वाटली. मी बारा-तेरा वर्षांची होते आणि खरं विमान बघायला मिळणार होतं. तुम्ही असतात तर काय घरी सूत कातत बसला असतात? उगाच मोठ्या गोष्टी सांगू नका.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. इंग्रज जाणार जाणार म्हणत होते, पण कचेरीत अजून साहेबच बसत होता. एका सकाळी बुऱ्हाणपुरात दवंडी फिरली. शनिवार-रविवार, शनवारा दरवाज्याबाहेर लालबागेच्या वाटेवरच्या मैदानात पलटणीचा मेळा. विमान उतरणार, रणगाडे नि जहाजांचे छोटे नमुने मांडणार, आणि ब्रह्मदेशातली लढाई जशी झाली तशी करून दाखवणार. गावातल्या खादीवाल्यांनी घरोघर सांगितलं की कोणी फिरकायचं नाही. शनिवारी सगळ्यात आधी दोरीला लटकलेली पोरं त्यांचीच होती, मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या लढाईत माझे काका होते. म्हणजे खऱ्या लढाईत. आणि आमच्या घराने त्यांना एकदा जाळलं होतं.

झालं असं. काका ब्रह्मदेशात असताना तार आली. माणूस बेपत्ता आहे, मारला गेला असावा असा सरकारचा समज आहे. बाबा कचेरीत कारकून. आयुष्य सरकारी कागद वाचण्यात गेलेलं. "सरकारचा समज झाला म्हणजे झालंच," ते म्हणाले. भटजी सांगत होते थांबा, प्रेत नाही, खात्री नाही, घाई नको. पण बाबांना एकच घोर लागला होता, आपला धाकटा भाऊ परमुलखात क्रियाकर्माविना भटकत राहील. जसोंडी गावाकडून पळसाची पानं आणवली, तीनशे साठ. त्यांचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि तापीच्या काठी त्याला अग्नी दिला. दहावं झालं, तेरावं झालं. काकूच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. ती तुकईथड गावाकडची, अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट. त्या दिवसापासून ती मागच्या खोलीत गेली ती तिथलीच झाली. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नाही, सकाळी कोणी बाहेर निघालं की तिने आड व्हायचं. पाच महिने.

आणि पाच महिन्यांनी काका टांग्यातून उतरले. एका पायाने लंगडत, अंगावर इस्पितळाचा कोट. गळ्यातला बिल्ला हरवल्यामुळे आसामातल्या कुठल्याशा इस्पितळात बिननावाचे पडून होते. दार मी उघडलं. असली किंचाळले की समोरच्या घरातले लोक बाहेर आले. आईने त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं, म्हणाली भटजी येऊ देत.  काकू मागच्या खोलीतून आली, सगळ्यांना बाजूला सारलं, खाली वाकून काकांचे पाय बघितले आणि म्हणाली, "पाय सरळ आहेत. उलटे नाहीत. या आत."

पण शास्त्र काही तिच्यासारखं सुटसुटीत नसतं. ज्याचं दिवसपाणी झालं तो मेला. परत यायचं तर परत जन्मायला हवं. मग काय, पस्तिशीच्या मिशाळ शिपायाला अंगभर तूप चोळून न्हाऊ घातलं. पाळण्यात मावेनात म्हणून एकच पाय आत ठेवून पाच सवाष्णींनी पाळणा हलवला, कानात तेच जुनं नाव सांगितलं. आठवड्याने त्यांच्याच बायकोशी त्यांचं लग्न लावलं. अंतरपाटाआड काकू हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. जाताना भटजींनी बजावलं, "हे आता तान्हं बाळ समजा. यांच्या मरणाचा शब्द काढायचा नाही. मेल्याचं सोंगसुद्धा नको." तेव्हापासून आमच्या घरात "भुकेने मेले गं" म्हटलं तरी काकूची चापट बसायची.

आता मेळ्याकडे येते.

पलटणीतून सुटून आलेले आसपासच्या गावांतले बाराजण साहेबाने लढाईच्या खेळासाठी बोलावले होते. काका त्यांतलेच. त्यांच्यासाठी नाक्यावरच्या शिपायाची जागा धरून ठेवली होती, कागद साहेबाच्या टेबलावर सहीला पडला होता. लंगड्या माणसाला दुसरं कोण काम देणार? म्हणून बाबांनी त्यांना ढकललंच, "जा, साहेबाच्या नजरेत राहशील."

शुक्रवारी दुपारी तालीम होती. मी काकांचा डबा घेऊन गेले आणि तिथेच रेंगाळले. मैदानात मातीची टेकडी केली होती, तिच्यावर बांबू रोवून रान केलं होतं. गोरा कप्तान इंग्रजीत बोले, सुभेदार हिंदीत सांगे. पहिली शिट्टी झाली की टेकडीवरचा शत्रू बार काढणार आणि पुढे गेलेले बाराजण पडणार. मग मागून मोठी तुकडी येणार, टेकडी घेणार, निशाण लावणार. मग दुसरी शिट्टी. दुसऱ्या शिट्टीला मेलेले सगळे उठून उभे राहणार आणि साहेबाला सलाम ठोकणार. त्या बाराजणांत एकाचा पाय, एकाचा खांदा, एकाचा डोळा, काही ना काही गेलेलं. ज्यांना पळता येत नाही त्यांनी मरायचं, असा हिशेब.

काका पहिल्या शिट्टीला गुडघा टेकून हळूच आडवे झाले. माझ्या हातातून डबा सुटला. दुसऱ्या शिट्टीला बाकीचे अकराजण धूळ झटकत, हसत उठले, सरबताकडे गेले. काका तिथेच बसून त्यांच्याकडे बघत होते. सुभेदाराने हात धरून उठवलं तेव्हा उठले.

घरी आल्यावर माझ्या पोटात राहिलं नाही. राहतं कसं? सांगून टाकलं. मग जे रणकंदन झालं ते साहेबाच्या लढाईपेक्षा भारी होतं.

आमच्याकडे धाकटी सून जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, तोंडाने बोलत नाही. काकू लग्न होऊन आल्यापासून बाबांशी एक शब्द बोलली नव्हती. जे सांगायचं ते मधे एखादं पोर उभं करून त्याच्या तोंडून. म्हणून दोघं भांडत होती माझ्या डोक्यावरून.

"तुझ्या बाबाले सांग," पदर पुढे ओढून काकू म्हणाली, "उद्या हे मैदानात झोपनार नाहीत."

"काकूला सांग," बाबा म्हणाले, "दोन मिनिटं पडायचं आहे. लुटुपुटीची लढाई आहे ती. खोटं मरण."

"बाबाले सांग, पळसाच्या पानाचं जाळलं तेही खोटंच होतं. मंग माझ्या बांगड्या काहून खऱ्या फोडल्या?"

 बाबा नाक्याच्या कागदावर आले, मग आपल्या खुर्चीवर आले. साहेब एकच, कचेरीही एकच, भाऊ आडवा पडला नाही तर उद्या आपली बदली लांब मंडला जिल्ह्याच्या रानात. मी मधे उभी राहून नुसती मान इकडून तिकडे करत होते, त्यांना माझी गरजच उरली नव्हती. काका भिंतीला टेकून बसले होते. शेवटी एवढंच म्हणाले, "हुकूम आहे." काकू उठली आणि भाकरी थापायला गेली. त्या दिवशीच्या भाकरी फार आपटून थापलेल्या होत्या.

शनिवारी ती हिरवं लुगडं नेसून, हातभर नव्या बांगड्या भरून आमच्याबरोबर निघाली. काय करणार ते तिने सांगितलं नाही.

पण मजा आली, ती का लपवू? तंबूत टेबलावर बुटाएवढे रणगाडे होते, परातीएवढी जहाजं होती, वर दोऱ्याने टांगलेली चिमणीएवढी विमानं गरगरत होती. एका मोठ्या टेबलावर ब्रह्मदेश मांडला होता. हिरवे डोंगर, निळा नाला, शिशाची बोटभर माणसं. काकू वाकून बघायला लागली. "यातले तुम्ही कोनते?" तिने काकांना विचारलं. काकांनी बराच वेळ शोधलं आणि नाल्याच्या अलीकडच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "इथे होतो. इथं यांनी कुणाला ठेवलंच नाही." पहारेकरी ओरडला, हात लावू नका.

आणि मग विमान आलं. दोन मजली पंखांचं, पिवळं. नदीवरच्या राजघाटाकडून वळलं, आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा हजार माणसं एकदम खाली बसली आणि विमान उतरल्यावर हजार माणसं एकदम हसली. बायकांना आधी जवळ सोडलं. मी पंखाला हात लावला आणि चाटच पडले. कापड! मी समजत होते लोखंड असेल. आमचं गाव विणकरांचं, बायकांना राहवतंय होय? दहाजणींनी पंख चिमटीत धरून पाहिला. "पोत बरा आहे," एक कोष्टीण म्हणाली, "पण खळ फार झाली." काकूने चाकाला कुंकू लावलं नि पायाशी नारळ फोडला. गोरा वैमानिक हसला आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. त्याच्यावर माझा राग नाही. माव्याच्या जिलब्या खाल्ल्या, बँड ऐकला. असा दिवस माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही.

चार वाजता लढाई सुरू झाली. बाराजण वाकून टेकडीकडे निघाले, काका मधोमध. काकू दोरीपाशी, काकांना बांगड्या दिसतील अशी बसली होती, पदर खांद्यावर, डोकं उघडं. शिट्टी झाली. बार निघाले, धूर झाला. अकराजण पडले.

काका उभे होते.

आधी लोकांना वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. हशा झाला. "गिरो! गिर जाओ!" सुभेदार ओरडला. टेकडीवरच्या शत्रूने गोंधळून पुन्हा बार काढला, मग तिसऱ्यांदा काढला. काका सरळ उभे, हात मांडीला चिकटलेले, जणू परेडवर आहेत. कुठूनतरी एकजण ओरडला, "पडू नका हो!" आणि मग सगळं मैदान ओरडायला लागलं, "पडू नका! पडू नका!" खादीवाल्यांची पोरं, विणकर, केळीवाले, सगळे. मोठी तुकडी आली तिला काकांना वळसा घालून जावं लागलं. निशाण लागलं, पण निशाणाकडे कोणाचं लक्ष होतं?

खेळ संपल्यावर साहेबाने त्यांना दोरीजवळ बोलावलं. मी चार हातांवर होते, शब्द न् शब्द ऐकला. का पडला नाहीस, सुभेदाराने विचारलं.

"मी मेल्याची तार सरकारने एकदा पाठवलीय," काका म्हणाले. "माझं तेरावं झालंय. एका माणसाला सरकार किती वेळा मारणार, साहेबाला विचारा."

सुभेदाराने हे साहेबाला कसं सांगितलं कोण जाणे. साहेब लालबुंद झाला. उद्या येऊ नकोस, आणि नाक्याची नोकरी विसर, एवढा त्याचा निकाल. काकांनी सलाम केला आणि वळले. काकू गर्दीतून त्यांच्या शेजारी चालायला लागली. बरोबरीने, मागे नाही.

घरी बाबा डोकं धरून बसले होते. "याला म्हणतात आ बैल मुझे मार," ते म्हणाले. "दोन मिनिटं पडला असता तर काय जात होतं? शिट्टी झाल्यावर उठायचंच होतं ना?"

आणि काकू बोलली. माझ्या डोक्यावरून नाही, सरळ त्यांच्या तोंडाकडे बघून. "जेठजी, मी पाच महिने त्या खोलीत पडून होते. माझ्यासाठी कोनी शिट्टी वाजवली होती?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. उठले, पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला आणि आत निघून गेले. माफी मागायची त्यांची रीत तेवढीच होती.

रविवारी सकाळी ते अकराजण ओसरीवर आले. रागावलेले होते. त्यांतल्या डोळा गेलेल्या शिपायाने तोंड फोडलं, "तू उभा राहिलास, आम्ही गाढव ठरलो. तुझी बायको शकुन-अपशकुन मानते, आम्हाला काय बायका नाहीत?" मी चहा देत होते. काकू दाराआड उभी होती.

"अपशकुनाचं नाही रे," काका म्हणाले. "पडायला माझी ना नव्हती. शुक्रवारी पडलो होतो. पण दुसरी शिट्टी झाली आणि तुम्ही सगळे हसत उठलात. ते मला बघवलं नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "नाल्यापाशी माझ्या डाव्या-उजव्या बाजूला जे पडले होते त्यांच्यात रात्रभर मी होतो. मी एकेकाला हाका मारल्या, हलवलं. त्यांतलं कोणी उठलं नाही. आणि हे लोकांना दाखवणार की सगळे उठले, सलाम केला, सरबत प्यायले."

 चहा निवत होता. ते उठून गेल्यावर काकू बाहेर आली. "म्हंजे माझ्या बांगड्यांसाठी नव्हतं तर," ती म्हणाली.

"तेही होतं," काका म्हणाले.

"असू द्या, असू द्या." आणि डोळे पुसून ती मला म्हणाली, "चल गं, तयार हो. नोकरी गेली, विमान कायले सोडायचं?"

म्हणून रविवारीही आम्ही गेलो. काका दोरीबाहेर गर्दीत बसले. गर्दी शनिवारच्या दुप्पट होती. लोक लढाईला नाही, काय होतं ते बघायला आले होते. पहिली शिट्टी झाली. बार निघाले आणि अकराच्या अकरा पडले, अगदी शिकवल्यासारखे. लोक हिरमुसले. मीही हिरमुसले. मला वाटलं, घाबरले मेले. मोठी तुकडी आली, टेकडी घेतली, निशाण लागलं, बँड वाजला. साहेब खुर्चीतून उठून सलाम घ्यायला तयार झाला.

दुसरी शिट्टी झाली. कोणी उठलं नाही.

सुभेदाराने पुन्हा फुंकली. अकराजण तसेच, कोणी उताणा, कोणी मातीत तोंड खुपसून. बँड आपोआप थांबला. कप्तान धावत गेला, एकाला बुटाने ढोसलं, काहीतरी ओरडला. तो हललाही नाही. आणि तेव्हा त्या हजारो माणसांना कळलं. सांगते ना, एकदम कळलं. टोप्या निघाल्या, फेटे निघाले, बायका उभ्या राहिल्या, तान्ही पोरंसुद्धा गप्प झाली. इतक्या माणसांची इतकी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. साहेबाने स्वतः सुभेदाराच्या हातातली शिट्टी घेतली आणि फुंकत राहिला. फुंक बाबा, फुंक. तुझ्या शिट्टीने उठणारे नव्हते ते.

काका दोरीखालून वाकून मैदानात गेले. सुभेदार त्यांना अडवायला दोन पावलं पुढे आला आणि थांबला. तोही ब्रह्मदेशातच होता. बाजूला झाला. काका लंगडत पहिल्याजवळ गेले, वाकले, हात पुढे केला. तो त्यांचा हात धरून उठला. मग दुसरा, मग तिसरा. घाई नाही, गडबड नाही. प्रत्येकाला हात दिला, प्रत्येकजण उठला, कोणी सलाम केला नाही.

अकरावा उठला. काका तिथेच मातीत बसले आणि रडायला लागले. परत आल्यापासून ते रडले नव्हते, ना दारात, ना लग्नात. आता मोठ्याने रडत होते, लहान पोरासारखे. साहेब तिकडे निघाला. तेव्हा ते अकराजण न बोलता वळले, काकांकडे पाठ करून त्यांच्याभोवती खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आणि काकांचं रडून होईपर्यंत त्यांनी साहेबाला आत बघू दिलं नाही.